गुंजाळ सरांनी बंदी घातलेला शब्द

कर्जतच्या कॉलेजात मराठीच्या वर्गातल्या फळ्यावर, उजवीकडे वरच्या कोपऱ्यात, एक शब्द कायमचा लिहिलेला असायचा आणि त्यावर भलीमोठी फुली. शब्द होता ‘अचानक’. फळा पुसणाऱ्या दगडू शिपायाला ताकीद होती, की बाकी काय वाट्टेल ते पूस, तो कोपरा पुसायचा नाही. माझा इतिहासाचा तास त्याच वर्गात लगेच नंतर असे. मी एखाद्या किल्ल्यावर अचानक छापा घातला रे घातला, की मागच्या बाकावरची पोरं त्या कोपऱ्याकडे बघून फिदीफिदी हसायची. इतिहास शिकवायचा तरी कसा माणसानं?

ही बंदी घालणारे आमचे वामन गुंजाळ, मराठीचे प्राध्यापक. त्यांची माझी पहिली गाठच या भानगडीतून पडली. सत्तर-एकाहत्तरचा सुमार होता. मी नगरहून कर्जतला नव्यानं नोकरीवर आले होते. पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये मी मोठ्या कौतुकानं सांगत होते, की नगरहून येताना एसटीत पुढच्या सीटवरच्या बाईनं मागं वळून पाहिलं आणि ती निघाली माझी शाळेतली मैत्रीण! लग्नानंतर तोंड पाहिलं नव्हतं एकमेकींचं. सगळे “अगबाई, काय सांगता!” करत होते. तेवढ्यात कोपऱ्यातल्या वर्तमानपत्रामागून आवाज आला, “बसत नाही.”

मला वाटलं, बिचाऱ्याला जागा नाही. मी म्हटलं, “बसा की, ही खुर्ची रिकामी आहे.”

वर्तमानपत्र खाली आलं. मागं एक लांबोडका चेहरा आणि जाड भिंगांचा चष्मा. “मी बसलोय बाई. तुमची गोष्ट बसत नाही.”

“अहो, पण ती खरीच घडलीय!”

“घडली असेल. घडायला काय, काहीही घडतं. गोष्टीत बसायला आधी कुठंतरी खूण ठेवावी लागते. त्या मैत्रिणीचं माहेर याच रस्त्यावर आहे, असं तुम्ही आधी बोललात का?”

“तिचं माहेर मिरजगावचं, वाटेवरचंच.”

“मग तेच आधी सांगायचं. आता बसली,” असं म्हणून ते पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. नव्या माणसाशी कुणी असं बोलतं?

गुंजाळ सर म्हणजे उंच, किडकिडीत माणूस. सदऱ्याच्या खिशात कायम एक लाल पेन्सिल. ती ते हजेरीला वापरत नसत, तर वर्तमानपत्रातल्या रविवारच्या गोष्टीवर चालवत. शेवटच्या परिच्छेदात हरवलेला मुलगा सापडला, की सर्रकन रेघ. सावत्र आईला पश्चात्ताप झाला, की रेघ. “या बाईला पश्चात्ताप झाला कधी? मधल्या ओळीत?” असं ते त्या कागदालाच विचारत. त्यांच्याकडे सायकल होती, पण मी त्यांना तिच्यावर बसलेलं फारसं पाहिलं नाही. सायकलवर बसलं की विचार मागं राहतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ती हातात धरून चालत. कर्जतच्या बाजारात लोक आम्हाला विचारायचे, “तुमच्या सरांची सायकल रोजच पंक्चर हुती व्हय?”

साहित्यात आता नवं युग आलंय, हे सरांनी कर्जत तालुक्याला सांगायचं मनावर घेतलं होतं. योगायोग, पश्चात्ताप, शेवटी गोड, हे सगळं जुनं झालं. नव्या कथेत माणसाच्या मनात जे चालतं तेच खरं, आणि बाहेर काही घडलंच पाहिजे असं नाही. घडलंच तर ते आतून घडलं पाहिजे. हे ते इतक्या तळमळीनं सांगायचे, की सकाळी गुरांचं करून, पाच-पाच कोस सायकल मारून आलेली पोरंसुद्धा जांभया दाबून ऐकायची.

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी पोरं कथा द्यायची. ‘अचानक’वर बंदी आल्यावर पोरांनी काय करावं? ‘एकदम’ लिहायला लागली. सरांनी ‘एकदम’ कापला. मग ‘अवचित’ आला, मग ‘ध्यानीमनी नसताना’. तेही कापले गेले. भानुदास नावाच्या एका पोरानं कथा लिहिली. त्यात सासुरवासाला कंटाळून नायिका विहिरीत उडी टाकते. हे दुष्काळाचं वर्ष. अर्धी पोरं सुट्टीत खडी फोडायच्या कामावर जात होती. सरांनी कथा वाचली आणि चष्मा पुसला.

“भानुदास, ही कथा कुठं घडते?”

“हितंच की सर. आमच्या गावात.”

“कधी?”

“औंदाच.”

“तुमच्या विहिरीला पाणी आहे?”

भानुदास विचारात पडला. “न्हाई सर. ठणठणीत हाय.”

“मग ती मरेल कशी? फार तर पाय मोडेल.”

वर्ग खदखदून हसला. भानुदासला वाईट वाटलं. तो म्हणाला, “मंग मोडू द्या की पाय. पर उडी ऱ्हाऊ द्या सर, लई मेहनतीनं लिवलीय.”

“राहू दे. पण मग पुढच्या पानावर ती लंगडली पाहिजे. आणि तिला वर काढायला कोण उतरलं, ते लिही. खरी कथा तिथून सुरू होते.”

भानुदासनं खरंच तसं लिहिलं. सासूच खाली उतरली, असं लिहिलं त्यानं. अंकातली तीच एक कथा मी तेव्हा शेवटपर्यंत वाचली, हे मी मान्य केलं पाहिजे.

रविवारी सर एसटी स्टँडच्या बाकावर जाऊन बसत. माणसं बघत आणि मनातल्या मनात जुळवत. एकदा मी नगरची गाडी पकडायला गेले, तर त्यांनी मला थांबवलं. “ती बाई बघा. गाठोडं मांडीवर, डोळे पुसतेय, आणि एकदाही मागं बघत नाही. भांडून निघालीय. माहेरी आईही राहिली नसणार, नाहीतर एवढी रडली नसती.” माझा स्वभाव भोचक. मी सरळ जाऊन त्या बाईला विचारलं. ती म्हणाली, “न्हाई वो, दवाखान्यात डोळ्यात औषीद घातलंय, लई झोंबतंय.” मी हसत हसत सरांना येऊन सांगितलं, तर माझ्यावरच चिडले. “तुम्ही विचारलंत कशाला? माझी चांगली बसत होती. तिचं नुसतं खरं आहे.”

आता गंमत अशी, की दुसऱ्यांच्या कथांना धारेवर धरणाऱ्या या माणसाची स्वतःची एकच कथा आम्हाला ऐकायला मिळाली होती. ऐन उन्हाळ्यात त्यांनी ती स्टाफरूममध्ये वाचून दाखवली. एक माणूस तहान लागून उठतो. माठापाशी जातो. तांब्या हातात घेतो. मग त्याच्या मनात काय काय येतं, त्याची सात-आठ पानं. शेवटी तो पाणी न पिताच परत येऊन पडतो. कथा संपली. प्राचार्य शेतीच्या घरचे, सरळ माणूस. त्यांनी विचारलं, “पण गुंजाळ, तो पाणी का पीत नाही?”

सरांचे डोळे चमकले. “तोच तर प्रश्न आहे सर!”

प्राचार्यांनी जरा विचार केला. “टँकर आला नसेल. माठ रिकामा असेल.”

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. नंतर कित्येक दिवस स्टाफरूममध्ये कुणी पाणी प्यायला उठलं, की दुसरा म्हणायचा, “पिऊन या हं नक्की.” सरही हसायचे. राग धरून ठेवणारा माणूस नव्हता तो.

मी आणि सर एकाच ओळीतल्या खोल्यांमध्ये भाड्यानं राहत होतो, भिंतीला भिंत लागून. त्यांनी लग्न केलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची आई, सरूबाई. एवढीशी म्हातारी, मोतीबिंदूनं नजर गेलेली, पण कान असे, की माझ्या घरात दूध उतू गेलं तर ओरडायची पलीकडून, “बाई, गेलं दूध!” आणि त्यांच्या घराचं दार कधी लागत नसे. दिवसा नाही, रात्री नाही. नुसतं लोटलेलं. मला आधी वाटलं, वेंधळेपणा. एकदा मी जाता जाता कडी घातली, तर म्हातारी केवढ्यांदा ओरडली.

मग तिनंच सांगितलं. सरांचा थोरला भाऊ नामदेव. तिचा नामा. सर शाळेत होते तेव्हाची गोष्ट. एका सकाळी तो म्हणाला, जरा नगरला जाऊन येतो. भांडण नाही, तंटा नाही. उंबऱ्यात वहाणा घालताना म्हणाला, “आये, दार लावू नगं. आलोच.” आणि गेला तो गेलाच. शोध झाला, नगरपासून मुंबईपर्यंत माणसं पाठवून झाली. कुठं काही कळलं नाही. पुढं वडील गेले, सरांनी आईला कर्जतला आणलं. येताना तिनं सगळ्या भावकीला बजावलं, की नामा आला तर कर्जतला धाडा. आणि इथं या भाड्याच्या खोलीतही दार उघडंच ठेवायला लावलं.

सर म्हणायचे, “आई, तो म्हणाला ते त्या घराचं दार. हे घर वेगळं.”

“दाराचं काय सांगतूस मला? मी जितं ऱ्हाईन त्येच त्याचं दार.”

बाहेर सगळ्या जगाची वाक्यं कापणारा माणूस घरात एका म्हातारीपुढं हात टेकायचा.

सर नामाचीच कथा लिहीत होते. कितीतरी वर्षं. हे मला सरूबाईंनीच सांगितलं. ती रोज विचारायची, “वामना, तुज्या गोष्टीत आला का रं नामा?” आणि सर म्हणायचे, “बघू आई, अजून संपली नाही.” एवढंच तिला हवं होतं. तो खरा येईल याची तिला खात्रीच होती, पण आपल्याला आता फार दिवस नाहीत हेही तिला कळत होतं. मग निदान गोष्टीत तरी तो आलेला ऐकावा. पोटातलं बोलायची ती बाई, आडपडदा नाही. मला म्हणायची, “तो शिकलेला हाय. त्येनं लिवलं तर यील की नामा. बाई, तुमी सांगून बघा.”

मी सांगून पाहिलं. सर ओट्यावर बसून वर्तमानपत्र रंगवत होते. मी म्हटलं, “आणा की हो त्याला. काय जातंय तुमचं? कागदच आहे.”

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. “कुठून आणू? का येईल तो? इतकी वर्षं आला नाही, आणि मला दिवाळी अंकात शेवटचं पान हवंय म्हणून येईल? मोठा भाऊ म्हणून त्याचा हात होता माझ्या डोक्यावर, बाई. त्याच्याविषयी मी खोटं लिहू?” त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता. मी पहिल्यांदाच त्यांना असं पाहत होते. आणि खरं सांगू का, मला त्यांचा रागही आला होता. म्हातारी आत सगळं ऐकत होती.

कथा एकदाची पुरी झाली. शेवटचं पान लिहून सरांनी ते टेबलावर ठेवलं आणि हुश्श करून अंघोळीला गेले. दार नेहमीप्रमाणे उघडं. शेजारच्या बागवानांची शेळी आत शिरली आणि तिनं बाकी पानांना तोंड लावलं नाही, बरोबर शेवटचं पान खाल्लं! सर टॉवेल गुंडाळून बाहेर आले तेव्हा अर्धा कागद शेळीच्या तोंडात, अर्धा सरांच्या हातात, अशी ओढाताण. खोल्यांची अख्खी ओळ गोळा झाली. मला तर हसू आवरेना. मी म्हटलं, “काय सर, अचानक शेळी! ही बसते का?”

सर ओल्या अंगानं, पंच्याएवढ्या टॉवेलात, पण वर्गात उभे असावेत तसे म्हणाले, “अचानक कसली? दार उघडं होतं. दार उघडं म्हटल्यावर शेळी येणारच. पूर्ण बसते.”

त्यांनी ते पान पुन्हा लिहिलं. मला वाटलं होतं, शेळीच्या कृपेनं शेवट बदलेल. छे. जसाच्या तसा लिहिला, वर म्हणाले की आता जास्त घट्ट झालाय. कथा पुण्याच्या एका दिवाळी अंकानं घेतली. सरांचा आनंद काय वर्णावा, त्या दिवशी ते चक्क सायकलवर बसून घरी आले.

पण अंक येईपर्यंत म्हातारीनं अंथरूण धरलं. दोन घास खाल्ले की दम लागायचा. डॉक्टर येऊन गेले आणि सरांना बाजूला घेऊन म्हणाले, जे हवंनको ते विचारत चला. तिचं हवंनको ठरलेलं होतं. मी गेले की विचारायची, “बाई, दार लोटल्यालंच हाय न्हवं? कडी न्हाई ना घातली कुनी?” मी बघून सांगायची, “नाही घातली आजी.” आणि मग, “वामन्याची गोष्ट आली का?”

अंक पोस्टानं आला तो सकाळचा. सर कॉलेजात होते. पाकीट मीच घेतलं आणि मीच आधी वाचून काढलं, भोचक ना मी. कथा फार सुंदर होती, हे मनापासून सांगते. मला मराठीतलं नवंजुनं काही कळत नाही, पण त्या म्हातारीचं बसणं, तिचे कान, रस्त्यावरच्या प्रत्येक वहाणेचा आवाज तिला कसा ओळखीचा वाटतो, सगळं त्यात होतं. आणि शेवट असा होता: ‘वाऱ्यानं दार हललं. तिनं मान वळवली. बाहेर कोणी नव्हतं.’ संपली कथा. पान उलटलं तर एका दंतमंजनाची जाहिरात, त्यात एक गृहस्थ बत्तीस दात दाखवून हसत होता.

मी अंक मिटला. हे आता सर तिला वाचून दाखवणार?

दुपारी सर आले. अंक हातात घेतला, छापलेलं स्वतःचं नाव पाहिलं, पण हसले नाहीत. आतून आवाज आला, “आली ना गोष्ट? वाच.” मी उठायला लागले तर म्हातारीनं माझा हात धरला. मग मी बसलेच, तिच्या पायाशी.

सर वाचू लागले. संथ, स्पष्ट, वर्गात वाचायचे तसं. म्हातारी डोळे मिटून पडली होती. मधेच म्हणायची, “व्हय, असंच करायचा तो.” एक पान झालं, दुसरं झालं. सरांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. शेवटचं पान आलं. ‘वाऱ्यानं दार हललं,’ सरांनी वाचलं. ‘तिनं मान वळवली.’

आणि सर थांबले.

म्हातारीनं डोळे उघडले. दिसत नव्हतं तरी सरांच्या आवाजाच्या रोखानं पाहत राहिली. “मंग?”

सरांनी पान उलटलं. समोर तो दंतमंजनवाला. सर त्याच्याकडे टक लावून बघत वाचू लागले, “आणि अचानक... अचानक दारात नामा उभा राहिला.”

खोडण्यापुरता सोडला, तर तो शब्द त्या माणसाच्या तोंडून मी जन्मात ऐकला नव्हता.

म्हातारीच्या कपाळाला आठ्या पडल्या. “अचानक कुठं रं?” ती म्हणाली. “दार उघडं हुतं की. सांगून गेल्ता तो मला, आलोच म्हनून.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा काही झाला होता, की मी मान खाली घातली. मग त्यांचा हात सवयीनं खिशात गेला. लाल पेन्सिल निघाली. त्या जाहिरातीवर, जिथं तो शब्द छापलेला नव्हताच, तिथं त्यांनी एक रेघ मारली.

“चुकलं माझं, आई. परत वाचतो,” ते म्हणाले. “तिनं मान वळवली. दारात नामा उभा होता.”

“हां.” म्हातारीनं माझा हात सोडला. “पुढं वाच. उन्हातनं आला आसंल त्यो.”

“उन्हातून आला होता,” सर वाचू लागले. चष्म्याखालून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. “वहाणा त्यानं उंबऱ्याबाहेर काढल्या. म्हणाला, आये, आधी पाणी दे. मग तिनं माठातून तांब्या भरून दिला. नामानं तो तोंडाला लावला आणि सगळं पाणी प्यायला.”